अबार्थ पुंटोचे १४ महिने आणि डाव्या चाकातला ‘टक’

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो पण माझ्या अबार्थ पुंटोबद्दल, म्हणजे फियाटच्या पुंटोच्या ताकदवान आवृत्तीबद्दल, माझं मतच ठरत नव्हतं, आठवड्यापूर्वी स्प्रिंगा बदलून झाल्या आणि काल पहाटे पन्हाळ्याला जाऊन आलो, आता लिहितो. टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपीची ताकद, चारी चाकांना डिस्क ब्रेक, हे गाडीवेड्यांना पाठ आहे त्यामुळं त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते स्प्रिंगांवर, आणि सेकंडहँड मॉडिफाय केलेली गाडी घेताना जो एक प्रश्न मी विचारला नाही आणि ज्याच्यापायी माझं एक वर्ष गेलं त्यावर.

माझी गाडी २०१६ची, घेताना ६१ हजार किलोमीटर झालेली, एमएच १२ पासिंग. अबार्थ पुंटो बाजारात नवीन आली तेव्हा, म्हणजे २०१५ला, एक्स-शोरूम ९.९५ लाख होती आणि तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलेलो, नुसते फोटो बघत बसायचो. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर शोधायला लागलो. पहिली बघितली ती इथलीच, कोल्हापुरातली होती, पुण्याच्या भावापेक्षा ऐंशी हजारानं स्वस्त, रंग चकाचक, सीट कव्हर नवीन. पण कोल्हापुरात गाडी घेताना आपण २०१९ आणि २०२१चे महापूर विसरू शकत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ला धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, दोन्ही वेळेला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि किती गाड्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बुडाल्या. मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट पूर्ण ओढला, अगदी शेवटपर्यंत, तर शेवटच्या फूटभर पट्ट्याचा रंग वेगळा, चहा सांडून वाळल्यासारखा, आणि त्याच्या विणीत बारीक गाळ. कार्पेट उचलून बघायला मालक नको म्हणाले. मी नमस्कार केला आणि निघालो. एवढी तपासणी केली बघा, आणि तरी पुढच्या गाडीत चुकलो.

पुण्याची गाडी सरळ होती. एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला लावलेली, अपघात नाही. पेंटवर तर गडी एवढा जपणारा की दाराच्या कडेला सुद्धा ओरखडा नाही. मॉडिफिकेशन म्हणाल तर हलकंच: लोअरिंग स्प्रिंगा (गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा), मोकळा सायलेन्सर आणि रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाईल बदललेली. सांगत होता ७.१० लाख, त्यात ‘दीड लाखाचं काम केलंय’ हे दहा वेळा. मी म्हटलं ते काम तुमच्या हौसेचं, मला त्याचे पैसे द्यायचे नाहीत, आणि दोन शनिवार घासाघीस करून ६.२०ला तोडलं. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, लोन फिटल्याचा फॉर्म ३५ सगळं समोर बसून सह्या करून घेतलं. नवीन नंबरप्लेट मीच बसवली, ७४५ अधिक जीएसटी. त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) मला मिळत नाही हे मला आधी ठाऊक होतं म्हणून विम्याचे पैसे वेगळे काढून ठेवले होते. सगळं पद्धतशीर. निघताना त्यानं डिकीत मूळचा सायलेन्सर ठेवला, म्हणाला हा घेऊन जा, माझ्याकडं नुसती जागा अडवतोय. आणि मी विचारलं नाही की मूळच्या स्प्रिंगा कुठायत?

पहिला महिना मी हवेत होतो. गाडी दिसते काय सांगू, चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं मावत नाहीत, रंकाळ्यावर लावली तर पोरं मोबाईल काढून उभी राहायची. आईनं बिल्ल्यावरचा विंचू बघितला आणि म्हणाली दारात विंचू कशाला आणलास रे, मग तिला सांगितलं की कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती, १९४९ला कंपनी काढली तेव्हापासून तो विंचू आहे, तेव्हा कुठं तिनं नारळ फोडला. हायवेला तवंदी घाटात त्या लांब वळणांवर गाडी अशी चिकटून जायची की मी घरी येऊन बायकोला तेच तेच सांगत बसायचो. तेव्हा लिहिलं असतं तर लोअरिंग स्प्रिंगांचं कौतुकच केलं असतं.

मग रोजचं सुरू झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक स्पीडब्रेकर आहे. एका रविवारी मी टेप घेऊन गेलो आणि मोजला: उंची १३ सेंटिमीटर, रुंदी ५५. नियमात गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी चढेल आणि उतरेल, आमच्याकडं आहे तो उंबरठा. मग गाडीखाली झोपून मोजलं, सायलेन्सरच्या पाइपापाशी जमिनीपासून ११.८. मूळ गाडीला १५.५ असतं. आता गणित बघा, पुढचं चाक उतरलं आणि मागचं अजून चढायचंय तेव्हा तो १३चा उंबरठा ११.८च्या खाली मावणार कसा? रिकामी गाडी सुद्धा घासणारच. मग तिरकी काढायची, एकेक चाक करून, मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय, समोरून दुधाची गाडी येऊन थांबलीय. आईला आणि आबांना दवाखान्यात न्यायचं तर मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी उतरवून स्पीडब्रेकर ओलांडून परत बसवायचो. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात, आणि माझ्या गाडीच्या दिसण्यापायी त्यांनी दोनदा चढ-उतार करायची. आबा एका शब्दानं बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

आणि तिसऱ्या महिन्यात आवाज सुरू झाला. डाव्या पुढच्या चाकात ‘टक’. वेगात असताना नाही, खड्ड्यात नाही, फक्त स्पीडब्रेकर उतरताना, एकदाच. ज्यांच्या गाडीत असा एक आवाज कधी राहिलाय त्यांना कळेल, मला नंतर गाडीत दुसरं काही ऐकूच येईना. गाणी बंद. बायको बोलायला लागली की मी हात वर करायचो, थांब, ऐक आत्ता, टक.

एका मोठ्या गॅरेजला दिली, नाव घेत नाही. त्यांनी सस्पेन्शनचे लिंक रॉड बदलले, लोअर आर्म बदलला, बिल ११,४००. चौथ्या दिवशी टक. परत गेलो तर म्हणतात दुसऱ्या बाजूचा आर्म पण बदलावा लागेल. मी म्हटलं आवाज डावीकडं आहे. काउंटरवरचा म्हणतो जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच. तिथं माझं डोकं फिरलं. आवाज गेला नाही तर पैसे कशाचे घेतले हे मी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा त्यानं बिलावरचे पार्ट नंबर वाचून दाखवले. बदललेले जुने लिंक रॉड मागितले तर ते सुद्धा टाकून दिलेले. पैसे गेले, आवाज तसाच.

शेवटी ऑफिसातल्या एकानं शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं पाठवलं. दुकान म्हणजे एक शटर, शेजारी लेथ, समोर कास्टिंगचा ढीग, पावसाळ्यात आत पाणी येऊ नये म्हणून विटांचा उंबरा. मिस्त्रींनी गाडी चालवून बघितली नाही, काही नाही. नुसतं विचारलं, “चढताना का उतरताना?” म्हटलं उतरताना. “बारकी स्प्रिंग घातलीया काय?” म्हटलं हो. जॅक लावला, चाक लोंबकळलं, चाक काढलं आणि मला म्हणाले हात घाला. मी स्प्रिंगला हात लावला आणि ती फिरली. अक्षरशः दोन बोटांनी फिरली, बाटलीचं झाकण फिरावं तशी. ज्या स्प्रिंगवर गाडीचं वजन असतं ती आपल्या जागेवर सैल बसलेली.

मिस्त्रींनी समजावलं ते असं. स्प्रिंग आखूड आणि शॉकअप मूळचाच लांब. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली लोंबतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो, स्प्रिंग तेवढी पोचत नाही आणि वरच्या वाटीतून सुटते. पुढच्या क्षणाला गाडीचं वजन परत येतं आणि स्प्रिंग वाटीत आपटते. तोच टक. त्यात शॉकअप पुरता दबला की धक्का झेलणारा रबरी बंप स्टॉप, तो स्प्रिंगा बसवणाऱ्यानं अर्धा कापून टाकलेला आणि उरलेला अर्धा हातात घेतला तर चुरा झाला. “मालक, आर्मचा काय दोष न्हाई ह्यात. स्प्रिंगा कंपनीच्या घाला. जुन्या हायत न्हवं?”

तिथंच दुकानात उभा राहून पुण्याला फोन लावला. तो म्हणाला अहो त्या तर मी तेव्हाच भंगारात दिल्या, चार किलो लोखंड, ठेवून काय करायचं.

आणि फियाटनं तर बीएस६चे प्रदूषणाचे नियम यायच्या आधीच इथला गाशा गुंडाळलाय. रांजणगावात माझी गाडी बनली, तिथं आता जीप बनते. काही पार्ट मिळतात, फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड यांची मला अडचण आली नाही, पण अबार्थच्या स्प्रिंगा साध्या पुंटोपेक्षा वेगळ्या, साध्या पुंटोच्या घातल्या तर गाडी तीन सेंटिमीटर वर जाते आणि वळणात डुलते असं दोघातिघांनी सांगितलं. सात महिने शोधलं. पुणे झालं, बेळगाव झालं, मुंबईच्या एकानं तर पंधरा हजार सांगितले आणि फोटो पाठवला तो दुसऱ्याच गाडीचा. शेवटी सापडल्या मिरजेत, पन्नास किलोमीटरवर! त्या माणसानंही गाडी खाली केलेली, पण काढलेल्या स्प्रिंगा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर खडूनं पुढची, मागची लिहून. त्यांना त्या नको होत्या, पाच हजार घेतले आणि वर चहा पाजला. मापाचे बंप स्टॉप १,२००, मिस्त्रींची मजुरी २,५००, अलाइनमेंट ९००. एकूण ९,६००. आवाज गेला. मोठ्या गॅरेजच्या ११,४०० पेक्षा कमीत गेला आणि पुरता गेला.

बाकी थोडक्यात. सायलेन्सर मी स्प्रिंगांच्या कितीतरी आधीच मूळचा लावला, कारण तो डिकीत होता, अर्ध्या तासाचं काम, आठशे रुपये. आवाज मला आवडायचा, खोटं कशाला बोलू, पण पोलिसांनी बुलेटच्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी बघितलेत आणि शेजारी तान्हं बाळ आहे. शिवाय विम्याच्या माणसानं स्पष्ट सांगितलं की आरसीवर आणि पॉलिसीत नोंद नसलेलं काम क्लेमच्या वेळी आडवं येऊ शकतं. मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे आणि त्यावर २०१९च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टाचा निकाल पण आहे, तेव्हा गाडी कंपनीच्या रूपाजवळ नेऊन ठेवलेली बरी. रिमॅपची मूळ फाईल ट्यूनरकडं आहे, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप पुढच्या महिन्यात करणार आहे तेव्हा ती पण परत घालणार.

अॅव्हरेज शहरात १० आणि हायवेला १३ पडतं, ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून त्यातही थोडं घसरलंय. इथेनॉलमध्ये उष्णता कमी, त्यामुळं ते होणारच. आपल्याच उसाचा पैसा आपल्याच कारखान्यांना मिळतोय याचं बरं वाटतं, पण गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप मिस्त्रींना दर सर्व्हिसला बघायला सांगतो.

कालचं सांगतो. स्प्रिंगा बदलताना मनात धाकधूक होती की तवंदीतली ती मजा गेली आता. आणि खरंच, गुळगुळीत रस्त्यावर लांब वळणात खाली असलेली गाडी जास्त ठाम होती, हे मान्य करतो. पण काल वाघबीळाच्या पुढं चढाला लागलो, रस्ता जागोजागी उखडलेला, दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या वर टर्बो जागा झाला आणि गाडीनं जो ओढा घेतला, तो वळणाच्या आतल्या खड्ड्यावरून जाताना सुद्धा सुटला नाही. आधी तिथं गाडी उडायची आणि मी ॲक्सिलेटर सोडायचो. काल चाक रस्त्यावर राहिलं आणि स्टेअरिंगमधून रस्ता हाताला कळत राहिला, हायड्रॉलिक स्टेअरिंगचं हे सुख नव्या गाड्यांत मला कुठं मिळालं नाही. गडाच्या तीन दरवाजाला गाडी लावून पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो. चाकावर आता चार बोटांची जागा आहे. फोटोत तेवढी भारी दिसत नाही. नाद खुळा गाडी आहे.

आल्यावर घरात न शिरता आई-आबांना गाडीत घेतलं आणि गल्लीतून सरळ बाहेर काढली, सरळ, तिरकी नाही. आबा पुढं बसले होते. स्पीडब्रेकर गेल्यावर त्यांनी मागं वळून आईकडं बघितलं आणि म्हणाले, “घासली न्हाई गं.”

काढलेल्या लोअरिंग स्प्रिंगा मी पुसून, ऑइलचा हात फिरवून पोत्यात बांधून कॉटखाली ठेवल्यात, मोकळा सायलेन्सर त्याच्या शेजारी. गाडी सध्या विकायची नाही, पण इचलकरंजीचा एक पोरगा परवा अशीच एक खाली केलेली अबार्थ बघायला साताऱ्याला चाललाय, त्याला मी आज सकाळी फोन करून सांगितलं की किंमत बोलायच्या आधी मालकाला माळ्यावर चढायला लाव.