खुब्याच्या ऑपरेशननंतर फिटनेस बँड : मनगटावर नको, घोट्यावर बांधा

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या, वॉकर धरून चालणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसाचं चालणं साध्या बँडने मोजता येतं का? येतं, पण खोक्यातून काढला आणि मनगटावर चढवला तर नाही. काही महिन्यांच्या वापरानंतर एवढं ठामपणे सांगता येतं.

मनगटावरचा बँड हाताच्या हेलकाव्यावरून पावलं ओळखतो. वॉकर धरला की दोन्ही हात दांड्यांवर घट्ट, हेलकावा नाहीच. त्यात चाल संथ : वॉकर पुढे, दुखरा पाय, मग चांगला पाय, मग जरा थांबा. बरेच बँड सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायलाच लागत नाहीत, त्यामुळे पलंगापासून बाथरूमपर्यंतची फेरी त्यांच्या लेखी होतच नाही. उलट खुर्चीत बसून टाळ्या वाजवत भजन म्हटलं की आकडा चढतो.

म्हणून चांगल्या पायाच्या घोट्याच्या हाडाच्या वर दोन बोटं सोडून, बाहेरच्या बाजूला बांधा. ऑपरेशनच्या पायाला संध्याकाळी सूज चढते आणि पट्टा रुततो. बँडसोबतचा पट्टा बहुधा आखूड पडतो, वेल्क्रोचा लांब पट्टा घ्या. आत एक बोट सहज जायला हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कातडी लगेच काळीनिळी पडते, तेव्हा रोज आंघोळीला बँड काढून जागा नीट बघा. हृदयाचे ठोके मोजणं बंद करून टाका. घोट्यावर त्या आकड्याचा भरवसा नसतो आणि बॅटरी फुकट जाते.

आता तपासणी. नेहमीच्याच चालीने 50 पावलं तोंडाने मोजत चालवा आणि बँड बघा. 45 ते 55 आलं तर उत्तम. 25च्या आसपास आलं तर बँड एकाच पायाचं पाऊल धरतोय, दुप्पट करा. दर वेळी वेगळंच काही आलं तर तो बँड या कामाचा नाही. वॉकर सुटून काठी आली की हीच तपासणी पुन्हा, कारण चाल बदलते. फॉलोअपला रिक्षाने गेलात तर तो दिवस सरासरीतून वगळा, खड्ड्यांचीही पावलं होतात.

घोट्यावरच्या बँडची खरी मर्यादा वेगळी आहे. माणूस बसलाय की उभा, हे त्याला कळत नाही, कारण दोन्ही वेळा नडगी उभीच असते. मांडी मात्र बसल्यावर आडवी होते. म्हणूनच नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी खुब्याच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांना मांडीवर चिकटवायचं अ‍ॅक्टिव्हपॅल नावाचं छोटं यंत्र लावून ते किती वेळ उभे असतात ते मोजलं. घरी त्याची गरज नाही. खुर्चीतून उठलं की प्रत्येक वेळी कॅलेंडरवर एक रेघ ओढा आणि अ‍ॅपमध्ये तासागणिक आलेख बघा. सकाळी नऊ ते रात्री नऊ यात दोन तासांहून लांब सपाट पट्टा दिसला तर तो मोडायचा. दुपारची झोप सोडून, अर्थात.

दहा हजार पावलांचं खूळ डोक्यातून काढा. पायावर किती भार द्यायचा हे सर्जन ठरवतो, बँड नाही. आठवड्याची सरासरी हळूहळू चढतेय ना, एवढंच पाहायचं. ती दोन-तीन दिवसांत एकदम घसरली तर वेदना, ताप, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता किंवा पडण्याची भीती, यांतलं काही आहे का ते विचारा. पोटरी सुजून दुखत असेल तर वाट न बघता डॉक्टर गाठा. परदेशातल्या मुलांना रोजचा आकडा दाखवू नका, फोनवरून बोलणी खायला मिळतात. रविवारची सरासरी पुरते.

कटकट सिंकची, म्हणजे बँडमधले आकडे फोनच्या अ‍ॅपमध्ये उतरवण्याची. फोनचा बॅटरी सेव्हर अ‍ॅप बंद पाडतो, त्या अ‍ॅपला सेटिंगमध्ये सूट द्या आणि रात्री जेवणानंतर फोन जवळ ठेवून अ‍ॅप एकदा उघडा.

पडल्याचा इशारा देणारी घड्याळं जोराचा आपटा बसला तर बोलतात. पलंगावरून हळूच घसरून खाली बसलेल्या माणसाचा त्यांना बहुधा पत्ताच लागत नाही. बाथरूममध्ये जमिनीवरूनही हाताला येईल अशी बेल वेगळी बसवा.