जुनी एकट्याची कॅनू: प्लॅस्टिक की फायबर?

खिसा बेताचा असेल तर जुन्या कॅनूत (म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या, उघड्या होडीत) बहुधा हेच दोन पर्याय. प्लॅस्टिकची कॅनू दगडावर आपटली तरी पोचा येतो, सहसा फुटत नाही. पण वजन बऱ्याचदा 25 किलोच्या वर; एकट्याने गाडीच्या टपावर चढवायची म्हणजे कंबरेचा निकाल! शिवाय चीर गेली तर साधा गोंद धरत नाही.

फायबरची हलकी. तडा गेलाच तर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि मॅट (काचतंतूंचं कापड) लावून घरी बुजवता येतो. घेताना तळ आतून दाबून बघा, मऊ लागला तर भाव कितीही पाडला तरी सोडा.

बामणोलीकडे उन्हाळ्यात शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओसरला की काठाला खडक उघडे पडतात, तिथे प्लॅस्टिकच. सांगलीत कृष्णेच्या संथ पाण्याला मी फायबरच घेईन. पुरात मात्र दोन्ही घरात.