बेल्टची घाई नसलेल्यांसाठी: नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कराटे क्लासबद्दल

क्लासच्या दारात पालक सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. इथे ब्लॅक बेल्ट व्हायला किती वर्षं लागतात? नियमित येणाऱ्या मुलाला सहा-सात. नोकरी-घर सांभाळून येणाऱ्या मोठ्या माणसाला त्याहून जास्त. हे ऐकून बरेच पालक परत जातात. सर त्यांना थांबवत नाहीत, आणि ते योग्य करतात असं माझं ठाम मत आहे.

मी १९८३ पासून, म्हणजे शाळेत असल्यापासून शोतोकान या शैलीचं कराटे करते आहे. माझे पहिले सर नाशिक सोडून गेले, तेव्हा काही वर्षं गच्चीवर एकटीनेच सराव केला, आणि २००९ मध्ये मुलीचं बोट धरून या क्लासात आले. मुलगी इथेच फर्स्ट डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीची, झाली. मी इथे आधी सेकंड आणि मग थर्ड डॅन झाले. एरवी मी शाळेत शिकवते, त्यामुळे परीक्षा, निकाल आणि पालकांची घाई या तिन्हींशी माझा रोजचा संबंध आहे.

सर नव्या पालकांना बेल्टची गोष्ट सांगतात. ती पाचच मिनिटांची असते, पण ऐकण्यासारखी. डॅन ही पायरी मुळात कराटेची नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये ती आपल्या दोन शिष्यांना पहिल्यांदा दिली. कराटेत ती गिचिन फुनाकोशींनी १९२४ मध्ये आणली. त्याआधी ओकिनावात, म्हणजे कराटे जिथे जन्मलं त्या जपानी बेटावर, माणसं आयुष्यभर कराटे करत होती, शिकवत होती, म्हातारी होत होती, आणि कुणाच्या कमरेला कसला रंग नव्हता. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर. पन्नाशी ओलांडल्यावर, १९२२ मध्ये, ते टोकियोला गेले आणि तिथे कराटे रुजवलं. एवढं सांगून सर विचारतात, "आता सांगा, मुलाला कराटे शिकवायचं आहे की बेल्ट हवा आहे?" दोन्ही हवं असेल तर आधी कोणतं, हे त्या पालकांनी घरी जाऊन ठरवायचं.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय, ते माझ्या भाच्याच्या बाबतीत कळलं. तो नऊ वर्षांचा असताना शहरातल्या दुसऱ्या एका क्लासमधून दोन वर्षांच्या आत ब्लॅक बेल्ट होऊन आला होता. फ्लेक्सवर फोटो लागला होता. भावाने त्याला इकडे आणलं, सरांनी त्याला हेआन शोदान करायला सांगितलं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली; हा अगदी पहिला, एकवीस हालचालींचा. भाचा तिसऱ्या वळणावर अडकला आणि रडू लागला. सर त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बेल्ट तुझाच आहे, तो कुणी काढून घेणार नाही. कपाटात ठेव. इथे पांढरा बांध आणि माझ्याबरोबर पहिल्यापासून ये. काळा पुन्हा कधी बांधायचा, ते आपण दोघं मिळून ठरवू." वहिनीला ते लागलं, पंधरा दिवस ती माझ्याशीही धड बोलत नव्हती. आज भाचा ब्राऊन बेल्ट आहे. मागच्या वर्षी भावाने त्याला विचारलं की आता तो काळा बाहेर काढायचा का, तर म्हणाला, "बासाई दाई अजून नीट येत नाही, पप्पा." तो पुढचा एक काता.

ब्राऊनचा ब्लॅक होण्याआधी इथे मुलांना निदान सहा महिने पांढऱ्या बेल्टच्या मुलांना शिकवावं लागतं. नुसतं पुढे उभं राहून आकडे मोजणं नव्हे. सातव्या वर्षाच्या चुळबुळ्या मुलाचा हात धरून त्याला गेदान बाराई, म्हणजे खालचा वार अडवणं, शिकवायचं, तो दहा वेळा चुकला तरी आवाज चढवायचा नाही. सर लांबून बघत असतात. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, आपल्यापेक्षा लहान मुलाला जोरात मारणाऱ्या एका चांगल्या, पदकं मिळवलेल्या मुलाचं ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, त्यांनी वर्षभर थांबवलेलं मी पाहिलं आहे. त्याचे किक सगळ्यांत सुंदर होते. तरीही थांबवलं.

आता मोठ्यांच्या बॅचबद्दल, कारण हा क्लास खरा उठून दिसतो तो तिथे. सकाळी पावणेसहाला शाळेच्या हॉलमध्ये. खाली कोटा फरशी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी त्या फरशीतून तळपायात शिरते, पहिली दहा मिनिटं बोटं आहेत की नाहीत कळत नाही. सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेले दोन काका, मखमलाबादचे एक द्राक्ष बागायतदार, एक दातांच्या डॉक्टर, कॉलेजची तीन-चार मुलं आणि मी, असा मेळ असतो. अर्धा तास किहोन, म्हणजे ठोसे-लाथांचा मूळ सराव, मग काता, शेवटी जोडीने काम. गुडघ्याची तक्रार असलेल्यांना सर पवित्रा उंच ठेवू देतात. कांकू दाई या कात्यातली उडी मी आता मारत नाही, तिथे दोन सरळ लाथा मारते, आणि त्याला त्यांची परवानगी आहे. पण नजर कुठे आहे, मागचा पाय जमिनीला टेकला आहे का, श्वास कुठे सोडला, यात कुणालाही वयाची सूट नाही. पासष्टीच्या काकांनाही नाही. हा फरक फार थोड्या शिकवणाऱ्यांना कळतो. म्हाताऱ्या शिष्याला एक तर तरुणांसारखं पिदडतात, नाही तर "चालेल, चालेल" म्हणून सोडून देतात. इथे दोन्ही होत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कात्याचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मिळवलं, तेव्हा सरांनी तिचा व्हिडिओ आमच्या बॅचला प्रोजेक्टरवर दाखवला होता आणि संध्याकाळच्या मुलांनाही मुद्दाम बसवलं होतं.

माझ्या थर्ड डॅनच्या वेळची गोष्ट लिहिते. डिसेंबर २०२१ मध्ये मी परीक्षा दिली. हांगेत्सु केला, हा संथ, श्वासावर चालणारा काता, पावलं अर्धचंद्रासारखी वळत पुढे टाकायची. मला वाटत होतं चांगला झाला. सरांनी नंतर बाजूला बोलावून सांगितलं, "ताई, काता बरोबर आहे. पण तुम्ही तो अजून परीक्षकांना दाखवता आहात. एक वर्ष थांबू." इतकंच. काय दुरुस्त करायचं, कुठला कोन, काही नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला, जिने चाळीसेक वर्षं हेच केलं आहे, असं सांगायला धीर लागतो. फी भरणाऱ्याला खूश ठेवणारा माणूस हे सांगणार नाही.

ते मला समजलं घरी, नाताळच्या दिवशी, आणि यासाठी आमच्या घराबद्दल थोडं सांगावं लागेल. आमचं माहेर नाशिकमधल्याच शरणपूरचं, जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं. नाताळच्या आधीच्या आठवड्यात आई आणि आत्या करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या करतात, नानकटाईचं सामान डब्यांत भरून बेकरीत भाजायला जातं. पंचवीसला सकाळी उपासना, मंडळीत सगळ्यांना सलाम करून घरी, मग मटण-पुलावाचं जेवण. आणि चार वाजता ओट्यावर कार्यक्रम. हा नियम आजोबांचा, पुढे पप्पांनी चालवला: घरातल्या प्रत्येकाने काही तरी सादर करायचंच, पाहुण्यानेसुद्धा. आजी स्तोत्र तोंडपाठ म्हणायची. काका पेटीवर नाताळची गीतं वाजवायचे. पप्पा दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे, जेकब वेनराइटची. गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकी मुलगा, आमच्या शरणपूरच्या मिशनच्या शाळेत शिकला, आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांना शोधायला निघालेल्या तुकडीतून आफ्रिकेत गेला, आणि १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा चुमा, सुसी आणि बाकीच्या सोबत्यांबरोबर त्यांचं शव शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत घेऊन आला. पुढे त्या शवपेटीबरोबर तो लंडनलाही गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिला खांदा देणाऱ्यांमध्ये तो होता.

मला गाणं येत नव्हतं, म्हणून १९८३ च्या नाताळात मी हेआन शोदान करून दाखवला. टाळ्या पडल्या आणि तोच माझा वाटा ठरला. तेव्हापासून दर नाताळात एक काता. ओटा लांब आणि अरुंद, चार पावलं पुढे गेलं की खाली अंगण, म्हणून बरीच वर्षं मी तेक्की शोदान करत असे. तो सबंध काता एका रेषेत डावी-उजवीकडे सरकत होतो, आमच्या ओट्यासाठीच बेतल्यासारखा. आत्याला कराटेतलं अक्षर कळत नाही, पण चाळीस नाताळ तिने त्याच खुर्चीत बसून बघितलं आहे. २०२१ ला, परीक्षेत थांबवल्यानंतरच्या त्या नाताळात, मी हांगेत्सुच केला. आत्या म्हणाली, "लहान होतीस तेव्हा आमच्या तोंडाकडे बघत करायचीस. आज पण तसंच केलंस." सरांचं आणि तिचं कधी बोलणंही झालेलं नव्हतं.

त्याच दिवशी पप्पांनी गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी ते ती अर्धा तास सांगायचे, सिंह, नद्या, ताप, सगळं हातवारे करून. त्या वर्षी त्यांनी ती पाच-सहा वाक्यांत सांगितली आणि घरातली लहान पोरंसुद्धा हलली नाहीत. मी पुढचं वर्षभर पहाटे फरशीवर हांगेत्सु करताना कात्यापेक्षा जास्त पप्पांच्या त्या सांगण्याचाच विचार करत होते.

पुढच्या वर्षी परीक्षेची तारीख आली. इथलं वर्षअखेरचं ग्रेडिंग डिसेंबरातल्या एका रविवारी असतं, आणि २०२२ मध्ये तो रविवार नेमका पंचवीस तारखेला. आमच्या क्लासात ख्रिस्ती म्हणजे मी, भाचा आणि आणखी दोन मुली. मी काही बोलायच्या आतच सरांनी बोर्डावर लिहिलं: ग्रेडिंग अठरा तारखेला. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना त्यांनी स्वतः फोन केले होते, हॉलची तारीख बदलून घेतली होती. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आभार मानू लागले तर "ईदच्या वेळी नाही का बदलत?" म्हणाले. खरंच बदलतात. मी अठरा तारखेला थर्ड डॅन झाले. सव्वीसला सर, त्यांच्या सौ. आणि सकाळची सगळी बॅच फराळाला शरणपूरला आली, येताना चिवड्याची मोठी पिशवी घेऊन. आमचा नियम पाहुण्यालाही लागू, त्यामुळे सरांनाही ओट्यावर उभं राहावं लागलं. त्यांनी हेआन शोदान केला. पहिलाच, पांढऱ्या बेल्टच्या मुलांचा काता. मी तो हजारदा पाहिलेला, शिकवलेला, पण पहिल्या वळणानंतर ओट्यावरची कुजबुज थांबली. आत्याने नंतर मला विचारलं, "हा तूही करतेस तोच ना?" मी हो म्हणाले.

ज्या गोष्टी खटकतात त्याही सांगायला हव्यात. बायकांना कपडे बदलायला धड खोली नाही, एका वर्गात पडदा लावून भागवावं लागतं. मोठ्यांच्या बॅचमध्ये बायका वाढायला हव्या असतील तर हे आधी बदलायला हवं, आणि मी हे तोंडावर सांगितलेलं आहे. संध्याकाळच्या मुलांच्या बॅचमध्ये फार गर्दी होते, सहायक दोनच. स्पर्धेतल्या कुमितेची तयारी इथे बेताची आहे. मुलाला राज्यपातळीवर लढवायचं असेल तर त्यासाठी वेगळा क्लास शोधावा, सर स्वतःच तसं सुचवतात. संध्याकाळी सहा ते सात गाडी लावायला जागा मिळत नाही.

फी मोठ्यांना महिना नऊशे, मुलांना सातशे, ग्रेडिंगची वेगळी. एकाच घरातला दुसरा माणूस असेल तर अर्धी. पहिला आठवडा नुसतं बसून बघू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. पालकांनी तो आठवडा जरूर घ्यावा, आणि मुलांपेक्षा सकाळची मोठ्यांची बॅच बघायला यावं. गी, म्हणजे कराटेचा पोशाख, लगेच विकत घेऊ नका. पहिले दोन महिने ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो, आणि क्लासात वाढत्या मुलांचे लहान झालेले गी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलेले असतात, ते मागा. डिसेंबरात येणार असाल तर चटईचा तुकडा सोबत आणा, बसून बघतानाही फरशी बोचते.