कॉइलओव्हर बसवलेल्या गाडीचा हिवाळा : बर्फावर टायरच्या पकडीत काय फरक पडला

कंपनीचं सस्पेन्शन काढून मी उंची आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) बदलता येणारा कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला, संच बसवला. कोरड्या रस्त्यावर तो झकास आहे. गाडी वळणावर झुकत नाही, स्टेअरिंग हलवताच नाक वळतं. त्याबद्दल एवढंच, कारण मला सांगायचंय ते बर्फाबद्दल.

कोरड्या रस्त्याचं सेटिंग तसंच ठेवून बर्फावर गाडी चालवू नका. दबून घट्ट झालेल्या बर्फात चाकोऱ्या गोठतात आणि मधे बारीक उंचवटे तयार होतात. कडक शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवर चाक उंचवट्यावरून उडतं आणि पुढच्या खळग्यात वेळेवर उतरत नाही. तेवढ्या क्षणापुरतं टायरवर वजनच नसतं, मग पकड येणार कुठून? ब्रेक दाबला की हे लख्ख कळतं : पायाखाली एबीएस थडथडत राहतं आणि गाडी पुढे जातच राहते. नॉब फिरवून रिबाउंड मऊ केलं, तेव्हा त्याच उतारावर गाडी बरीच आधी थांबली. अगदी शेवटच्या टोकापर्यंत मात्र मऊ करू नये, गाडी हेलकावे खाते. मी टोकापासून दोन-तीन क्लिक अलीकडे थांबलो.

पुढचे नॉब बॉनेट उघडलं की समोरच आहेत. मागचे डिकीच्या अस्तराआड आहेत. गारठलेल्या बोटांनी ते अस्तर सोडवणं वैतागाचं काम आहे, आणि या संचाबद्दलची माझी खरी तक्रार हीच.

गाडी झुकली नाही म्हणजे पकड वाढली, असं बरेच जण धरून चालतात. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जाणार, हे गाडीचा गुरुत्वमध्य, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकाव रोखणारा दांडा) फक्त त्याची पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधली वाटणी बदलतो. टायरवर वजन वाढलं तरी पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, म्हणून ज्या अ‍ॅक्सलवर वजन जास्त एकतर्फी होतं तिथली पकड आधी सुटते. मी सोबत मागचा जाड बारही घेतला होता. बर्फाळ वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचं मागचं टोक बाहेर निघायला लागलं, म्हणून हिवाळ्यापुरता कंपनीचा मूळ बार परत लावला. शिवाय जाड बार डाव्या-उजव्या चाकांना जखडतो, एक चाक ढेकळावर चढलं की दुसऱ्याचीही घडी बिघडते.

उंचीचंही तसंच. गाडी फार खाली आणली की रस्त्याच्या मधला बर्फाचा वरंबा पोटाला घासतो, आणि पोट त्यावर टेकलं तर चाकांवरचं वजन कमी होऊन ती नुसती फिरतात. खाली आणल्याने बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह कॅम्बरही (चाकांचं वरचं टोक आत झुकणं) वाढतो, त्यामुळे सरळ ब्रेक मारताना टायरची आतली कडच जास्त भार घेते. उंची बदलली की अलाइनमेंट करून घ्याच.

पहाटे कडाक्याच्या थंडीत शॉकमधलं तेल घट्ट झालेलं असतं. सुरुवातीचे काही किलोमीटर मऊ सेटिंगही कडकच लागतं, तेवढं अंतर मी सावकाश जातो.

हे सगळं मी हिवाळी टायरवर अनुभवलंय. साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, त्याची भरपाई कुठलंही सस्पेन्शन करू शकत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असलेले हिवाळी टायर घ्या, कॉइलओव्हर नंतर. तापमान 10 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दीड पीएसआयने कमी होते, ती थंड टायरवरच तपासा.

रस्त्यावरच्या मिठाने या संचाच्या आट्यांवर पांढरी भुकटी धरली आणि उंचीची रिंग जाम व्हायला लागली. आता मोसमाआधी आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावतो आणि वर रबरी कव्हर चढवतो, रिंग हाताने फिरते.