ईसी कमी दाखवून गळ्यात मारलेलं ‘बफर्ड’ कोकोपीट

पॉलिहाऊसमध्ये मातीविना ढोबळी मिरची घेणाऱ्यांनी हा प्रकार वाचून ठेवावा. ही फसवणूक लवकर पकडता येत नाही, कारण समोर दाखवलेला आकडा खरा असतो. विक्रेता कोकोपीटच्या (नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या) विटेचा तुकडा पाण्यात फुलवतो, पिळतो आणि पिळलेल्या पाण्यात ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, दाखवणारा मीटर बुडवतो. आकडा 0.4, म्हणजे क्षार कमी. ‘बघा, धुतलेलं आणि बफर केलेलं!’ आम्हाला माल असाच विकला गेला. बिलावर ‘बफर्ड’, पिशवीवर ‘बफर्ड’, आत मात्र नुसतं धुतलेलं कोकोपीट.

नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम येतं. पोटॅशियम तर मुळातच भरपूर असतं. साध्या पाण्याने धुतलं की विरघळलेले क्षार वाहून जातात आणि ईसी उतरतो. कणांना धरून बसलेलं सोडियम-पोटॅशियम मात्र तसंच राहतं, आणि मीटरला ते दिसत नाही. त्याला हुसकायला कॅल्शियमच लागतं, यालाच बफर करणं म्हणतात. 5 किलोच्या विटेला साधारण 25 लिटर पाण्यात 250 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, एक दिवस भिजवणं, निचरा, मग पुन्हा धुणं. खत, वेळ आणि पाणी तिन्ही वाचवायचं आणि भाव मात्र पूर्ण घ्यायचा, हा यातला धंदा.

बफर न केलेलं कोकोपीट रोपं लागल्यावर हीच अदलाबदल तुमच्या खताशी करतं. ड्रिपमधून येणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतं. कोवळी पानं वेडीवाकडी होतात. पुढे फळाच्या टोकाजवळ, कधी बाजूला, पाणचट डाग पडतो, मग तो तपकिरी होऊन खोल बसतो. हा ब्लॉसम एंड रॉट, फळाला कॅल्शियम कमी पडल्याची खूण. उन्हाने भाजलेला डाग वेगळा: तो पांढरट, कागदासारखा आणि फळाच्या उघड्या बाजूलाच असतो.

तक्रार केली की उत्तर तयार असतं: ‘तुमचं पाणी देणं अनियमित आहे.’ पंचाईत अशी की अनियमित पाण्यानेही हाच डाग पडतो. म्हणून वाद घालू नका, ड्रिपचं आणि ड्रेनचं (माध्यमातून निथळून बाहेर येणारं) पाणी एकाच दिवशी प्रयोगशाळेत द्या. चांगल्या माध्यमात ड्रेनमधलं कॅल्शियम ड्रिपइतकं किंवा जास्त असतं, कारण झाड त्या मानाने पाणी जास्त ओढतं. लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत कॅल्शियम कमी आणि सोडियम-पोटॅशियम जास्त आलं, तर दोष मालाचा.

खरेदीआधीची तपासणी याहून सोपी आहे. 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, त्याची कठीणता (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा) लिटरला 475 मिलिग्रॅमच्या आसपास येते. त्यात 100 ग्रॅम कोरडं कोकोपीट रात्रभर ठेवा, सकाळी गाळून माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या कठीणता किटने मोजा. आकडा निम्म्याखाली घसरला तर माल बफर केलेला नाही, ईसी कितीही सुंदर असो. तुकडा विक्रेत्याने दिलेला नको. थप्पीच्या मधल्या विटेचा, स्वतः तोडलेला घ्या.

रोपं लावून झाली असतील तर वरचं 250 ग्रॅमचं द्रावण स्लॅबमध्ये (रोपं लावलेल्या कोकोपीटच्या पिशवीत) ओतू नका, मुळं जळतील. खताच्या मिश्रणात कॅल्शियम नायट्रेट थोडं वाढवा, पोटॅशियम कमी करा, अमोनियमची खतं बंद ठेवा, कारण तीही कॅल्शियमच्या वाटेत येतात. निचरा 30 टक्क्यांच्या आसपास ठेवा. खताचं दाट द्रावण दोन टाक्यांत वेगळं ठेवतात, त्यातल्या ‘ए’ टाकीतच वाढवलेलं कॅल्शियम जाऊ द्या. सल्फेट-फॉस्फेटच्या ‘बी’ टाकीत गेलं तर साका बसून ड्रिपर तुंबतील. डाग पडलेली फळं सुधारत नाहीत, ती तोडून झाडाचा भार हलका करा.

बिलावर नुसतं ‘बफर्ड’ लिहून घेऊ नका. लॉट क्रमांक, आणि त्या लॉटच्या अहवालात ईसीबरोबर विनिमयक्षम (कणांना धरून बसलेलं) सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आकडे मागा. प्रत्येक लॉटची एक वीट दोघांच्या सहीनिशी सीलबंद बाजूला ठेवा. हे मागितल्यावर ज्याची डिलिव्हरी अचानक ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलली जाते, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.