कणभौतिकी फुकटात शिकताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

कणभौतिकीवर सामान्य माणसासाठी नेटवर इतकं काही फुकट पडलंय की घ्यावं काय आणि सोडावं काय, हाच प्रश्न पडतो. गेले बरेच महिने सवडीने मी यातलं बरंच वापरून पाहिलं. माझं गणित बारावीपर्यंतचं, तेही अर्धंमुर्धं विसरलेलं. तेव्हा हे हौशी माणसाचं मत समजा. आणि मत असं की व्हिडिओंनी गोडी लावली खरी, पण डोक्यात जे पक्कं बसलं ते एका डेटा फाइलमुळे.

सुरुवातीला पार्टिकल ॲडव्हेंचर ही साइट अजूनही उत्तम. कणांची मोजलेली माहिती एकत्र करणाऱ्या, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या पार्टिकल डेटा ग्रुपचं हे काम. दिसायला जुनाट आहे, पण एका पानावर एकच मुद्दा असतो आणि क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनचे घटक), लेप्टॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याचं कुटुंब), बलवाहक कण ही मांडणी एक-दोन बैठकांत लक्षात येते. मग अमेरिकेतल्या फर्मीलॅब या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या यूट्यूब चॅनलवर डॉन लिंकन यांचे व्हिडिओ बघावेत. गृहस्थ स्वतः प्रयोग करणारे आहेत, त्यामुळे मोजलेलं कुठे संपतं आणि नुसती कल्पना कुठे सुरू होते, हे त्यांच्या बोलण्यात कळतं.

बाकी ठिकाणी मात्र एक गोष्ट फार खटकली. सगळीकडे पसरलेल्या हिग्ज क्षेत्रामुळे सगळ्या वस्तूंना वस्तुमान मिळतं, हे वाक्य जिथे तिथे ठोकून दिलेलं असतं. पार्टिकल डेटा ग्रुपचेच आकडे काढून बेरीज करून बघा. अप क्वार्कचं वस्तुमान साधारण २.२ एमईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक), डाउनचं ४.७. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन, म्हणजे झाले ९ च्या आसपास. आणि प्रोटॉन भरतो ९३८! क्वार्कच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा जेमतेम एक टक्का. उरलेलं जवळपास सगळं क्वार्कची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनची ऊर्जा. हिग्ज क्षेत्र नसतं तर इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसतं आणि अणूच बनले नसते, म्हणून त्याचं महत्त्व आहेच. पण वजनकाट्यावर दिसणारा आकडा त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. त्या दिवसापासून कुठलाही व्हिडिओ बघताना पार्टिकल डेटा ग्रुपचे तक्ते शेजारी उघडे ठेवतो. त्यातलं नव्वद टक्के माझ्या डोक्यावरून जातं, पण वस्तुमान, आयुष्य आणि कण कशाकशात विघटित होतो हे तीन रकाने कुणालाही वाचता येतात.

आता त्या फाइलविषयी. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेने २०१४ मध्ये ओपन डेटा पोर्टल सुरू केलं. तिथला मूळ डेटा अवाढव्य आहे. तिथल्या एलएचसी या प्रोटॉन आदळवणाऱ्या महाकाय यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगाने २०१६ मध्ये एका दमात ३०० टेराबाइट खुला केला होता. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो शिक्षणासाठी वेगळा काढलेला, २०१० च्या टकरींमधला दोन म्युऑनचा (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) तक्ता. तो एक्सेलमध्ये सरळ उघडतो. एक ओळ म्हणजे एक घटना, म्हणजे एक टक्कर: पहिल्या म्युऑनची ऊर्जा, संवेगाचे तीन घटक, विद्युतभार, मग दुसऱ्याचं तेच. दोघांच्या ऊर्जा मिळवायच्या आणि बेरजेचा वर्ग करायचा. संवेगाचे घटक दिशेप्रमाणे मिळवायचे, प्रत्येक बेरजेचा वर्ग त्यातून वजा करायचा आणि उरेल त्याचं वर्गमूळ काढायचं. हे दोन म्युऑन एकाच कणाच्या विघटनातून आले असतील, तर त्या कणाचं वस्तुमान हातात येतं. ते तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आधीच काढून दिलेलं असतं, पण ते झाकून आधी स्वतः काढावं, मग ताडून बघावं.

या वस्तुमानांचा स्तंभालेख काढला की आधी नुसता उतार दिसतो. दोन्ही अक्ष लॉगॅरिदमिक (प्रत्येक पायरी दहापट) केले की चित्र बदलतं. ३.१ जीईव्हीला (जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) जे-साय नावाच्या कणाचं शिखर उभं राहतं, साडेनऊच्या आसपास अप्सिलॉनचं आणि ९१ ला झेडचं. पहिला कण १९७४ मध्ये सापडला, दुसरा १९७७ मध्ये, तिसरा १९८३ मध्ये. तिन्ही आपल्या आलेखात एका रांगेत. मग विद्युतभाराचा रकाना वापरून दोन्ही म्युऑन सारख्याच भाराचे असलेल्या ओळी तेवढ्या ठेवून बघा. शिखरं जातात, कारण हे तिन्ही कण विद्युतदृष्ट्या उदासीन आहेत आणि त्यांच्यातून एक धन, एक ऋण अशीच जोडी निघते. भार अक्षय्य राहतो हे शाळेत पाठ केलं होतं. ते असं स्वतःच्या आलेखात बघण्याची मजा वेगळीच.

यात आणखी एक गंमत आहे. झेडचं शिखर पसरट दिसतं, ते बऱ्याच अंशी निसर्गतःच तसं आहे. झेड इतक्या कमी वेळात मोडतो की त्याचं वस्तुमान एका ठाम आकड्यावर बसतच नाही; रुंदी सुमारे २.५ जीईव्ही असते. जे-सायची खरी रुंदी त्याच्या हजारो पटींनी कमी आहे. तरीही त्याचं शिखर सुईसारखं न दिसता जाडसर दिसतं, कारण तिथे शोधकयंत्राच्या मोजमापाची मर्यादा आलेखात उतरलेली असते. कुठली रुंदी कणाची आणि कुठली यंत्राची, हे एकाही व्हिडिओत मला भेटलं नव्हतं.

सीएमएसचे घटनाचित्र दाखवणारे पानही ब्राउझरमध्ये चालते. टक्कर हवी तशी फिरवून बघता येते. म्युऑन थेट बाहेरच्या थरांपर्यंत जातो, इलेक्ट्रॉन कॅलरीमापकात (ऊर्जा मोजणाऱ्या थरात) थांबतो, फोटॉनही तिथेच थांबतो पण त्याच्यामागे वाट उमटत नाही. ओळखायला सोपं, आणि चटक लागणारं.

एलएचसीची चालू स्थिती दाखवणाऱ्या पानाचं व्यसन मात्र थोडं वायफळच. प्रोटॉन भरणं चाललंय, ऊर्जा चढतेय, टकरी सुरू झाल्या, मध्येच झोत सोडून दिला, एवढंच तिथे कळतं. तरी मी बघतो. यंत्र देखभालीसाठी दीर्घकाळ बंद असलं की बघण्यासारखं काही उरत नाही.

बातम्यांच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: पाच सिग्माचं (म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता नगण्य) नाव नसेल तर उत्साह आवरायचा. डिसेंबर २०१५ मध्ये दोन फोटॉनच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ उंचवटा दिसला, तोही ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना. सिद्धांतवाल्यांनी शेकडो निबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ पर्यंत डेटा वाढला आणि उंचवटा गायब. त्याच्या बातम्या अजून नेटवर जशाच्या तशा आहेत, तेव्हा वाचताना आधी तारीख बघावी.

खरी उणीव मधल्या पायरीची आहे. एकीकडे शून्य गणिताचे व्हिडिओ, दुसरीकडे थेट क्वांटम क्षेत्र सिद्धांत. ही दरी थोडीफार भरून काढतात त्या केंब्रिजच्या डेव्हिड टाँग यांच्या कणभौतिकीवरच्या व्याख्यान-नोट्स. सर्नमध्ये उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या आहेत आणि मोफत मिळतात. समीकरणं बेताची, पण वाचताना कागद-पेन लागतंच. घाई करून उपयोग नाही. एक प्रकरण मला दोन-तीनदा वाचावं लागतं.

दोन म्युऑननंतर लगेच हिग्ज कण चार लेप्टॉनमध्ये मोडतो त्या डेटावर उडी मारू नका. तिथे थोडं पायथॉन यावं लागतं, आणि हिग्जच्या वस्तुमानाजवळच्या, म्हणजे १२५ जीईव्हीजवळच्या, घटना इतक्या मोजक्या असतात की पार्श्वभूमी (इतर प्रक्रियांतून आलेल्या तशाच दिसणाऱ्या घटना) वजा करायची सवय नसेल तर शिखर आणि योगायोग यांतला फरक कळत नाही. आधी झेडच्या शिखराखालची पार्श्वभूमी मोजायला शिका. त्यासाठी एक्सेल पुरतं.