मुलाच्या कृत्रिम पायासाठी: शिबिर की केंद्र?

अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना बहुतेकदा आधी कळते ते मोफत शिबिराबद्दल. तिथे मिळणारा जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. रबरी पाऊल असल्याने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेतातल्या चिखलातही अडत नाही. १९७५ साली जयपूरला सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवते. शिबिरात मापे घेऊन थोड्याच वेळात पाय हाती मिळतो. मजुरी बुडवून आलेल्या बापासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मूल वाढते! सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, घट्ट होते, कातडी सोलवटते. सांध्यातून नव्हे, हाडातूनच पाय कापलेला असेल, तर त्या हाडाचे टोक वाढून टोचू लागते. कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. लहान वयात साधारण वर्षभरातच पाय बदलावा लागतो, आणि तोवर शिबिर पुढच्या गावी गेलेले असते.

कायमच्या केंद्रात, उदाहरणार्थ मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पाय बनवणारे तंत्रज्ञ एकाच छताखाली भेटतात. चालण्याचा सराव तिथे नीट होतो. खेपा मात्र वाढतात, गावाकडच्यांना मुक्कामाची सोय पाहावी लागते.

माझे मत स्पष्ट आहे: मोठ्या माणसाला शिबिर पुरेल, मुलाला केंद्रच हवे. पहिला पाय शिबिरात घेतलात, तरी केंद्रात त्याच महिन्यात नाव नोंदवा.